दिंडी दरवाजा आणि खोलीची कडी

भगिनींनो, ‘राऊटरमध्ये फायरवॉल असतेच, मग कॉम्प्युटरमधली वेगळी कशाला?’ हा प्रश्न मला शाळेत पालकसभेला तर येतोच, पण हळदीकुंकवालासुद्धा येतो. पुष्कळ घरांत होतं काय, की मुलाचा एखादा गेम चालत नाही, तो फायरवॉल बंद करतो आणि मग ती बंदच राहते. आणि त्याच कॉम्प्युटरवर ह्यांचे बँकेचे व्यवहार, मुलांचे दाखले, सासूबाईंच्या पेन्शनचे कागद!

राऊटर म्हणजे भिंतीवरची ती लुकलुकणारी पेटी. घरातून कुणी काही मागवलं तरच त्याचं उत्तर ती आत सोडते. न बोलावता आलेल्याला परस्पर बाहेर घालवते. काम चोख. पण वाड्याच्या दिंडी दरवाजासारखं तिचं सारं लक्ष बाहेर. आतली बिऱ्हाडं एकमेकांकडे काय करतात, तिकडे ती सहसा पाहत नाही. आणि आत हल्ली टीव्ही असतो, कॅमेरा असतो, पाहुण्यांचे फोन असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला. तो एका यंत्रात शिरला, की त्याच जाळ्यातल्या दुरुस्ती न केलेल्या दुसऱ्या विंडोज यंत्रांत, कुणी काही न दाबता पसरायचा. अशा वेळी शेजारच्या यंत्राला अडवते ती आपल्या यंत्राची स्वतःची फायरवॉल. म्हणून खोलीलाही कडी हवी.

ही कडी विकत आणायला नको. विंडोजमध्ये ती २००४ पासून आपोआप चालू असते. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल’मध्ये तिन्ही ठिकाणी ‘ऑन’ आहे ना, तेवढं बघा. ॲपलच्या मॅकमध्ये मात्र बहुधा आपल्यालाच चालू करावी लागते. गेम अडत असेल तर तेवढ्या एकट्याला ‘अलाऊ’ करावं. सगळं दार सताड उघडू नये. आणि दुकानदाराने सांगितलं म्हणून एकाच यंत्रात दोन-दोन फायरवॉल भरू नका. त्या एकमेकींशीच भांडतात, आणि मग छापखाना... म्हणजे आपला प्रिंटर हो, तोही रुसतो!

राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तेवढा आजच बदला. वायफायचा नव्हे, राऊटरच्या सेटिंगचा; हे दोन वेगळे असतात. २०१६ मध्ये मिराईने असेच मूळ पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. तिथेच ‘यूपीएनपी’ दिसेल. घरातल्या कुठल्याही यंत्राला तो न विचारता बाहेरचं दार उघडून देतो. गरज नसेल तर बंद करा. सोय असेल तर पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ वायफाय वेगळं ठेवा.

फोनवर कुणाला ओटीपी सांगितला, तर मात्र दोन्ही फायरवॉल काही करू शकत नाहीत. नको ती फाइल आपणच उघडली, तरी त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. विंडोजची कडी आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही.

आणि लॅपटॉप घेऊन माहेरी किंवा प्रवासाला निघालात, तर घरचा दिंडी दरवाजा मागेच राहतो. तिथल्या वायफायला जोडताना ‘पब्लिक’ निवडा.