फॉरमॅट मारण्याआधी...

आपल्या हॉस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच रामबाण औषध आहे. वायफाय चालत नाही? फॉरमॅट मार. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. लिनक्सचं कर्नल अपडेट केलं आणि मशीन बूटच होईना? मग तर विचारायलाच नको! शेजारच्या रूममधून पेनड्राइव्ह येतो, पाच-सहा सल्लागार खाटेवर मांडी ठोकून बसतात आणि तासाभरात कोरं करकरीत मशीन तयार. आजार गेला, आणि त्याच्याबरोबर रोग्याची स्मरणशक्तीही गेली.

मित्रांनो, हा लेख त्या औषधाविरुद्ध आहे. माझं म्हणणं साधं आहे. कर्नल अपडेटनंतर बंद पडलेलं मशीन बहुतेक वेळा मेलेलं नसतं, ते वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. ते कुठे अडलंय हे न बघता डिस्क पुसून टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि हे बाकी कुणी केलं तर समजू शकतो, पण चार वर्षं इंजिनियरिंग शिकणाऱ्यांनी करावं याचं वाईट वाटतं.

आधी हे बूट प्रकरण काय आहे ते थोडक्यात पाहू. (कर्नल म्हणजे लष्करातले कर्नलसाहेब नव्हेत, हे सिव्हिलवाल्यांसाठी. हलके घ्या!) पॉवरचं बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रब नावाच्या बूटलोडरला हाक मारतं. ग्रब डिस्कवरून दोन फायली मेमरीत आणतो, एक कर्नल आणि दुसरी इनिट्रॅमएफएस, आणि कर्नलच्या हाती सूत्रं देऊन बाजूला होतो. या दोघांनी मिळून खरी रूट फाइल सिस्टिम जोडली की सिस्टिमडी सुरू होतो आणि तो बाकीचा संसार मांडतो: नेटवर्क, लॉगिन, डेस्कटॉप वगैरे.

यातलं इनिट्रॅमएफएस हे पात्र नीट लक्षात ठेवा. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, ती गाडी घाट चढवून देतात आणि लोणावळ्याला सुटतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खिडकीतून पाहिलं असेल. इनिट्रॅमएफएसचं काम अगदी तेच. डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेला असेल तर डिस्क वाचायची कशी? डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर कुलूप उघडायचं कुणी? हा घाट चढवण्यापुरती एक छोटी फाइल सिस्टिम मेमरीत येते, खरी रूट जोडून देते आणि निघून जाते. मुख्य म्हणजे प्रत्येक कर्नलचं इनिट्रॅमएफएस वेगळं असतं. नवं कर्नल आलं की ते नव्याने तयार व्हावं लागतं. ते तयार झालं नाही, तर गाडी कर्जतलाच उभी!

म्हणून मशीन अडलं की पहिला प्रश्न 'आता काय करू?' हा नसून 'कुठे अडलं?' हा आहे. ग्रबचा मेनू दिसतो का? दिसत असेल तर फर्मवेअर आणि ग्रब सुटले. 'कर्नल पॅनिक', 'अनेबल टू माउंट रूट' असं काही येतंय का? मग कर्नल सुरू झालं, पण त्याला रूट सापडली नाही. 'इमर्जन्सी मोड' लिहून आलंय का? मग रूट बहुधा सापडली, दुसरं एखादं पार्टिशन सापडत नाही, तेव्हा एफस्टॅब ही फाइल बघा. नुसताच काळा पडदा आहे का? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून बघा. लॉगिन विचारलं तर मशीन ठणठणीत आहे, फक्त डिस्प्लेचा ड्रायव्हर रुसलाय. ही सगळी दुखणी बाहेरून सारखीच दिसतात, 'बूट होत नाही' एवढंच आपण म्हणतो. पण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

आता आमच्या विंगमधली गोष्ट सांगतो. मेकॅनिकलचा एक ज्युनियर, लॅपटॉपवर उबुंटू, आणि त्यात बेअरिंगच्या व्हायब्रेशनची दोन महिन्यांची रीडिंग्ज. बॅकअप नाही. (तुमच्याकडे आहे? खरं सांगा!) सबमिशन तीन दिवसांवर आलेलं. रात्री अपडेट मारलं, सकाळी पडद्यावर कर्नल पॅनिक, आणि शेवटी 'अननोन ब्लॉक' आणि कंसात दोन शून्यं. नेहमीप्रमाणे पेनड्राइव्ह हजर झाला. एकाने तर इन्स्टॉलरची पहिली स्क्रीनही उघडली होती.

मी त्याला एवढंच विचारलं, "रोज सुरू होताना डिस्कचा पासवर्ड विचारतो ना, तो आज विचारला का?" तो म्हणाला, "नाही." बस्स! ही डिस्क एन्क्रिप्टेड होती, आणि पासवर्ड विचारायचं काम इनिट्रॅमएफएसचं असतं. पासवर्ड विचारलाच नाही म्हणजे इनिट्रॅमएफएस आलंच नाही. डिस्क शाबूत, रीडिंग्ज शाबूत, एक फाइल तेवढी गैरहजर.

मग मशीन पुन्हा सुरू करून एस्केप दाबलं (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबावं लागतं), ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये गेलो आणि कालपर्यंत चालत असलेलं जुनं कर्नल निवडलं. पासवर्ड विचारला, डेस्कटॉप आला. ज्युनियरच्या जिवात जीव आला. खरं तर बहुतेक डिस्ट्रिब्युशन्स नवं कर्नल टाकताना जुनं लगेच काढत नाहीत. फेडोरा तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तीन कर्नल्स ठेवतं. ही सोय याच दिवसासाठी केलेली आहे, पण त्या मेनूकडे कुणी बघतच नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डिस्क एन्क्रिप्ट केली की बूट नावाचं वेगळं छोटं पार्टिशन लागतं. डीएफ कमांड दिल्यावर दिसलं की ते शंभर टक्के भरलंय. जुनी कर्नल्स साचत गेली, नव्याचं इनिट्रॅमएफएस लिहायला जागाच उरली नाही. अपडेटने रात्री तसं लिहूनही दाखवलं होतं, पण ती ओळ वर सरकून गेली. आम्ही चालू कर्नल सोडून बाकीची जुनी कर्नल्स ऑटोरिमूव्हने काढली, अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवून नव्या कर्नलची फाइल तयार केली, अपडेट-ग्रब दिलं आणि रीबूट केलं. नवं कर्नल निमूटपणे सुरू झालं. सगळं मिळून मेसचा चहा संपायच्या आत!

आता विचार करा, फॉरमॅट मारलं असतं तर? एन्क्रिप्टेड डिस्क एकदा पुसली की नंतर कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा, हाती काही लागत नाही. दोन महिन्यांची रीडिंग्ज एका क्लिकमध्ये स्वाहा. आणि मूळ कारण? बूट पार्टिशन तेवढंच, सवयी त्याच. म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा हेच नाटक.

दुसरा नेहमीचा गिऱ्हाईक म्हणजे काळा पडदा. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हा हमखास. हा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असतो, प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल वेगळं लागतं. बऱ्याच मशीनवर ते डीकेएमएस तयार करतं. नव्या कर्नलची हेडर पॅकेजेस नसतील तर ते तयार होत नाही. तयार झालं तरी सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातच उभं करतं. ड्रायव्हर टाकल्यानंतर रीबूट होताना एक निळा पडदा येतो, 'एनरोल एमओके' असं विचारतो, आठवतंय? दहा सेकंदांत तो निघून जातो आणि आपण सगळे 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतो. ती किल्ली तिथे नोंदवायची असते हो! अशा वेळी ग्रबमध्ये ई दाबून कर्नलच्या ओळीत नोमोडसेट लिहिलं तर तात्पुरता साधा डिस्प्ले बहुधा मिळतो आणि आत जाऊन दुरुस्ती करता येते. त्याच ओळीतले क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्दही काढून टाका. कर्नल बिचारं काय दुखतंय ते ओरडून सांगत असतं, या दोन शब्दांनी आपणच त्याच्या तोंडावर रुमाल बांधलेला असतो.

कधीकधी कर्नलचा काही दोषच नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर ड्युअल बूट असलेली बरीच मशीन्स लिनक्स सुरू करेनात. पडद्यावर 'शिम', 'एसबॅट' असे शब्द असलेली एक ओळ यायची. ज्यांनी ती ओळ वाचली त्यांना कळलं की गाडी फलाटावरूनच सुटलेली नाही, अडचण सिक्युअर बूटच्या तपासणीत आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांनी लिनक्सला शिव्या देऊन डिस्क पुसली.

यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं, "वेळ कुणाला आहे? उद्या व्हायवा आहे." मान्य. डिस्कवर काही महत्त्वाचं नसेल तर खुशाल मारा फॉरमॅट, माझी हरकत नाही. पण निदान पडद्याचा मोबाइलवर एक फोटो तरी काढा. रूट जोडायच्या आधीच पॅनिक झालं तर तो मजकूर डिस्कवर लिहिला जात नाही, त्या पडद्याशिवाय दुसरा पुरावा नसतो. मशीन त्यापुढे जाऊन अडलं असेल तर जुन्या कर्नलने आत शिरून जर्नलसीटीएलला आधीच्या बूटचा लॉग मागता येतो. पुरावा जाळून तपास करणारा पोलीस तुम्ही पाहिलाय का?

दुसरं उत्तर जास्त धोक्याचं, "अपडेटच करायचं नाही!" मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाची चूक जाहीर झाली. तिच्यामुळे साधा युजर वाचायच्या परवानगीच्या फायलीत लिहू शकत होता, थेट रूट होऊ शकत होता. कर्नल ५.८ पासून ती आत होती आणि नव्या कर्नलनेच ती गेली. अपडेट न करणं म्हणजे दाराचं कुलूप मोडलंय हे कळूनही कुलूपवाल्याला न बोलावणं. अपडेट कराच, पण आधी बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का बघा आणि एक चालतं जुनं कर्नल राहू द्या.

यात फक्त हॉस्टेलचा प्रश्न नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स पाडली. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन एक फाइल काढायची. पण मशीन सुरूच होत नसल्यामुळे ठिकठिकाणी माणसाला मशीनसमोर जाऊन ते करावं लागलं. त्या दिवशी किंमत होती ती मशीन कुठे अडलंय हे ओळखणाऱ्याला. हॉस्पिटलच्या किंवा बँकेच्या सर्व्हरसमोर उभं राहून "फॉरमॅट मारू का?" असं विचारणाऱ्याला तिथे कुणी उभं करत नाही.

आता थोडं सर आणि मॅडमशी. (लहान तोंडी मोठा घास, माफी असावी.) प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅबमधली सगळी मशीन्स एकाच इमेजवरून पुन्हा भरतात, ते मला पटतं. लॅब असिस्टंटना दुसरा इलाज नसतो. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या जर्नलमध्ये आम्ही शेड्युलिंगचे प्रोग्रॅम उतरवून काढतो, व्हायवाला कर्नलची व्याख्या पाठ म्हणतो, आणि खरं कर्नल समोर कोसळलं की आमचे हात थरथरतात. लॅबमधलं एक जुनं मशीन वेगळं ठेवा. त्याचं इनिट्रॅमएफएस मुद्दाम उडवा, एफस्टॅबमध्ये एक चुकीचा यूयूआयडी लिहा आणि प्रॅक्टिकल म्हणून आमच्यापुढे ठेवा: मशीन सुरू करून दाखवा, डेटा न गमावता. खर्च शून्य. लिनक्सची सुरुवातच ज्यांना अवघड जाते त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही लॅबच्या सर्व्हरवर ठेवता येतील.

आणि हॉस्टेलवासीयांनो, आपल्यासाठी एक सूचना. कॉमन रूममध्ये टीव्हीशेजारी एक दोनशे पानी वही ठेवू. कुणाचं मशीन अडलं की तीन गोष्टी लिहायच्या: पडद्यावर नेमकं काय आलं, ते कुठल्या टप्प्यावर होतं आणि कशाने सुटलं. एका सेमिस्टरमध्ये आपल्या लॅपटॉपांच्या सगळ्या नेहमीच्या रोगांची वही तयार होईल आणि पुढच्या बॅचला ती कुठल्याही रेडीमेड जर्नलपेक्षा जास्त उपयोगी पडेल. वही मी आणतो. पेन मात्र दोरीने बांधून ठेवावं लागेल, आपल्या हॉस्टेलचा तेवढा अनुभव मला आहे!