म्हणे, लोहाऱ्यात ऑर्किड!

मंडळी, माझ्या खिडकीतल्या ऑर्किडच्या कुंड्यांवरून आमच्या नातेवाइकांत सध्या बरीच चर्चा चालू आहे. पुण्याच्या भाच्याचे म्हणणे, "मावशी, टँकरच्या गावात कसले हे लाड!" दुसऱ्या एका हितचिंतकांचे मत असे की ही मोठ्या हॉटेलांतली फुले, आपल्या हवेत ती जगायची नाहीत. तिसऱ्यांनी तर सरळ बांडगुळे म्हणून टाकले. प्रत्येकाला फोनवर वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते.

आधी बांडगुळाचे, कारण चुकीचे विधान ऐकले की अजून हात खडूकडे जातो. बांडगूळ ज्या फांदीवर वाढते तिच्या आत मुळे घुसवून रस ओढते. झाडावरचे ऑर्किड फांदीवर नुसते बसते. आधार घेते, फांदीचे खात काही नाही. सालीवरून ओघळलेले पावसाचे पाणी आणि खाचेत साठलेला पालापाचोळा, एवढ्यावर त्याचा संसार. मराठीत याला आमरी असा छान शब्द आहे, पण तो वापरतो कोण! आणि जगभरच्या पुस्तकांत 'व्हँडा' म्हणून जे ऑर्किड आहे त्याचे नाव संस्कृतातल्या 'वंदा'वरून घेतलेले. त्याची एक जात दख्खनच्या कोरड्या मुलखात आंब्या-बाभळीवर वाढते. तेव्हा हे परदेशी पाहुणे वगैरे म्हणू नका.

आता पाण्याचे. ऑर्किड म्हणजे रोज आंघोळ घालायचे नाजूक बाळ, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. डेंड्रोबियमची कांड्यांसारखी खोडे आणि फॅलेनॉप्सिसची जाड पाने, दोन्ही पाणी साठवण्यासाठीच आहेत. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असले की ते रुपेरी दिसते, पाणी प्यायले की हिरवे. मुळे रुपेरी झाली तरच पाणी द्यायचे, बास. दुष्काळ कसा काढायचा हे त्या झाडाला आपल्याहून जास्त कळते. घरोघरी ऑर्किड मरतात ती तहानेने कमी, मायेने जास्त. शेतातली काळी माती आणून कुंडी भरायची, रोज तांब्याभर पाणी ओतायचे, आणि मुळे कुजली की "आपल्याकडे येत नाही" म्हणून मोकळे व्हायचे! माझ्या कुंड्यांत माती चिमूटभरही नाही. फुटक्या कौलांचे तुकडे, कोळसा आणि चांगल्या धुतलेल्या नारळाच्या शेंड्या, एवढेच.

आठ कुंड्यांना आठवड्याला एक बादली पुरते. खाली गळलेले पाणी कढीपत्त्याला जाते. याला चैन म्हणणाऱ्या भाच्याच्या सोसायटीत रोज सकाळी पाइपाने गाड्या धुतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा याच पट्ट्यात ऊस उभा होता. एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी लागते असा हिशेब सांगतात. माझ्या बादलीने ती बरोबरी करायला किती वर्षे लागतील, गणित करून बघा. दुष्काळाचा जाब विचारायचाच तर तो कुंडीला कशाला?

मला राग येतो तो खरे तर दुसऱ्याच गोष्टीचा. गरीब, कोरड्या भागातल्या माणसाने फूल लावले की त्याचा हिशेब मागतात, शहरातल्या माणसाला कुणी विचारत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरकडच्या बाया पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. डालड्याच्या डब्यात तुळस आणि शेजारी अबोली लावलेली मी पाहिली आहे. घर गेलेले, माणसे गेलेली, आणि तरी अबोलीला पाणी. त्यांना चैन करता का म्हणून विचारायची कुणाची छाती होती?

"आपली हवा सोसणार नाही" हेही अर्धेच खरे. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा निघायला रात्रीचा गारवा लागतो. मुंबईच्या दमट घरात तो मिळणे कठीण. आमच्या बालाघाटच्या पठारावर दिवाळी झाली की तो फुकट मिळतो. फुले दोन-अडीच महिने टिकतात. ती गळली की झाड मेले समजून कचऱ्यात टाकणारे सुशिक्षित लोक बघितले की काय बोलावे कळत नाही. अहो, पुढच्या वर्षी पुन्हा येतात!

एप्रिल-मे मात्र अवघड, हे मान्य. पाण्यापेक्षा कोरड्या झळांचा त्रास जास्त. कुंड्या पूर्वेच्या खोलीत आत घ्यायच्या, खिडकीला ओले गोणपाट लावायचे, खाली खडे आणि पाणी घातलेली परात ठेवायची. बोअरचे पाणी शक्यतो नको, क्षारांचा पांढरा थर मुळांवर बसतो. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप लावून ठेवा.

आणि हौस वाटली म्हणून आंबोलीला किंवा महाबळेश्वरला गेल्यावर झाडावरची आमरी ओरबाडून आणू नका. तिचे बी धुळीसारखे बारीक असते, ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजते आणि फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात. रोपवाटिकेतले घ्या, किंवा माझ्याकडे या. डेंड्रोबियमला या वर्षी तीन पिल्ले फुटली आहेत, करवंटीत बांधून देईन.