गव्याच्या पोटाचं बघा की, राव!
रात्री उसात घुसणाऱ्या गव्याला शिव्या घालत मी राखण करतो. अन् परवा त्यालाच बघायला दाजीपूरच्या जंगलात सकाळपासून पायपीट केली! अंजनीच्या झाडावर शेकरू दिसलं. गवा भेटला सड्याच्या कडेला. पांढरे मोजे घातल्यागत पाय. एकदा फुस्स केलं अन् एवढं धूड कारवीत गडप.

खटकली ती रानमोडी. वाटेच्या दोन्ही अंगाला माजलीय. तिला आपली म्हैस तोंड लावत नाही, गवा काय लावणार? त्याला गवत लागतं. नुकसानभरपाई द्याच, पण माझ्या मते आधी रानमोडी काढा, सडे गवताला मोकळे ठेवा. फुलोऱ्याआधी, माती ओली असताना मुळासकट निघते. बांधावरची आम्ही तशीच काढतो.