वाटेवरची जयणा

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला नवे सौदे होतात आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. गोंदियाच्या बाजारात तोवर नव्या धानाची आवक सुरू झालेली असते. तरीही एखादा रविवार काढून मुलाबाळांना जंगल दाखवावे, असा विचार अनेक व्यापारी घरांत याच सुमारास निघतो. पावसाळ्यात पर्यटकांना बंद असलेले जंगलाचे दरवाजे आता उघडलेले असतात. साधुसाध्वींचा वर्षावास आणि जंगलाची ही विश्रांती जवळपास एकाच ऋतूत यावी, हा योग मोठा बोलका आहे. पायांखाली जीवसृष्टी फोफावलेली असताना माणसाने आपली ये-जा आवरावी, हे दोन्हीकडे मान्य झालेले दिसते.

पाहण्यासारखे या जिल्ह्यात पुष्कळ आहे. नागझिरा अभयारण्य 1970 साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 साली अस्तित्वात आले. डिसेंबर 2013 मध्ये ही जंगले व लगतची अभयारण्ये एकत्र करून राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. ज्यांना पायी हिंडायचे आहे त्यांच्यासाठी सालेकसा तालुक्यात हाजरा फॉलचा धबधबा आणि कचारगडच्या गुहा आहेत. कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. ते त्यांचे तीर्थ आहे. आपल्या टेकडीवरच्या मंदिरात परक्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच तेथे आपण वागावे, एवढे सांगितले तरी पुरे.

मुक्कामाला मात्र नवेगावबांधची सर दुसऱ्या ठिकाणाला नाही. टेकड्यांच्या कुशीतला तो विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाची ही करणी आज शेकडो वर्षांनंतरही पाणी धरून आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात वर्षे काढली आणि पुढे मराठी वाचकाला जंगल वाचायला शिकवले. पहाटे काठावर बसून सामायिक करावे, तर याहून निवांत जागा शोधूनही सापडायची नाही.

नागझिऱ्याचा प्रवास वाहनातूनच होतो. सोबत वाटाड्या असतो आणि वाहनातून खाली उतरता येत नाही. चौविहार पाळणाऱ्यांची येथे एक व्यावहारिक अडचण होते. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते. त्यामुळे अशा मंडळींनी सकाळची फेरी घ्यावी हे उत्तम. नवकारसीचे पच्चक्खाण असेल तर काही बिघडत नाही, कारण जंगलात खाद्यपदार्थांचे डबे उघडणे तसेही योग्य नव्हे.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. पैसे मोजले म्हणजे माल मिळालाच पाहिजे, ही बाजारपेठेतली रीत जंगलातही आपल्याबरोबर येते. वाघ दिसला नाही की फेरी तोट्यात गेली असे मानले जाते. मग वाटाड्याला आडून आडून बक्षिसी सुचवली जाते, चालकाला गाडी पुढे दामटायला सांगितले जाते. गव्यांचा कळप, बहरलेला ऐन, पाणवठ्यावरचा नीलपंख हे सारे हिशेबात धरलेच जात नाही.

परंतु जंगलातल्या वर्तनाबद्दल आपण जितके बोलतो, तितके जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल बोलत नाही. आणि खरे नुकसान तेथे होते. नागझिरा आणि नवेगाव ही जंगले सलग नाहीत. त्यांच्या मध्ये गावे आहेत, शेते आहेत, राष्ट्रीय महामार्ग 53 आहे. गोंदियाहून गोरेगाव, मुरदोली, कोहमारा असा जो रस्ता नवेगावबांधकडे जातो, तोही प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच पडतो. मे 2023 मध्ये वाघांची संख्या वाढावी म्हणून ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्यानंतर तीनच महिने झाले असतील, ऑगस्टमधल्या एका रात्री मुरदोलीच्या जंगलात एका भरधाव मोटारीने तरुण वाघाला धडक दिली. जायबंदी झालेला तो प्राणी रस्त्यावरून सरपटत झाडीकडे जाताना अनेकांनी चित्रफितीत पाहिला. पुढे तो मरण पावला. एकीकडे शासन दुरून वाघ आणत होते आणि दुसरीकडे असलेला वाघ एका मोटारीखाली गेला. वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू समोरासमोर मांडल्या की शिल्लक काय उरते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावायला नको.

जैन समाजाला तर हे दुःख अधिक जवळून ठाऊक असायला हवे. विहार करणाऱ्या साधुसाध्वींना महामार्गावर वाहनांनी चिरडल्याच्या बातम्या दरवर्षी कानी येतात. म्हणून गावोगावचे तरुण विहारसेवेत सामील होतात आणि पहाटेच्या अंधारात झगझगीत पट्ट्यांची जाकिटे घालून महाराजसाहेबांच्या पुढेमागे चालतात. अनवाणी चालणाऱ्या, वाहनाचा वेग जोखू न शकणाऱ्या जीवाची रस्त्यावर काय दशा होते, हे ज्या समाजाने सोसले आहे, त्याच समाजातल्या घरची मोटार मुरदोलीच्या वळणावर कोणत्या वेगाने जाते? ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे. ती साधूंसाठी सांगितली असली, तरी चाकावर बसलेल्या श्रावकाने दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यातच गाडी थांबवता येईल असा वेग ठेवावा, हा तिचाच अर्थ आहे.

पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा काढलेल्या आहेत आणि त्यांतून वाघ, बिबटे जात असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. तशी सोय प्रत्येक रस्त्यावर होईल तेव्हा होवो. तोवर चौविहारी कुटुंबाचा नियमच कामी येतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल तर त्यापूर्वी मुक्कामी पोहोचावेच लागते, आणि संध्याकाळनंतर जंगलाच्या रस्त्यावर गाडी उरत नाही.

प्रश्न फक्त सहलीच्या मोटारीचाही नाही. धानाचे आणि तांदळाचे ट्रक याच रस्त्यांवरून रात्रभर धावतात. ते राइस मिलवाल्यांचे आणि आडत्यांचे, म्हणजे आपल्यातल्याच अनेकांचे असतात. चालक वेग वाढवतो तेव्हा त्याच्या कानात मालकाचा शब्द असतो: पहाटेपर्यंत माल उतरलाच पाहिजे. माल कधी उतरवायचा हे पेढीवर बसलेला मालक ठरवतो. ती वेळ दोन तासांनी पुढे ढकलली, तर तांदूळ काही नासत नाही.