मुरुडशेंगेचा पीळ

वार्षिकाच्या या अंकांत पालकांपुढें एक लहानशी तक्रार व विद्यार्थ्यांपुढें तितकीच लहान विनंती मांडावी, असें आम्हांस वाटतें.

गेल्या हिवाळ्यांत मुलांची सहल आंबागडास गेली होती. तुमसर तालुक्यांतील हा डोंगरी किल्ला देवगडच्या बख्तबुलंद राजाच्या पदरीं असलेल्या राजाखान पठाण नामक सरदारानें इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढें भोसल्यांच्या अमदानींत तेथें कैदी ठेवीत असत. ही माहिती मुलांनीं वह्यांत उतरून घेतली. परंतु गड उतरतांना एका विद्यार्थ्याचें लक्ष वाटेवरच्या एका झुडपाकडे गेलें. त्यावर मुरुडशेंगा लागल्या होत्या. त्यानें चार शेंगा खिशांत घातल्या; परततांना एका तळ्याकाठीं गोगलगाईंचे रिकामे शंखही वेंचले, आणि विचारलें, “गुरुजी, हीं दोन्हीं पिळलेलींच कां?” दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील भेटले. त्या वस्तू घरीं उकिरड्यावर गेल्या होत्या. “गुरुजी, हें परीक्षेंत विचारतात काय?” असा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं ज्यांस पोटाला चिमटा घ्यावा लागतो, त्यांनीं गुणांची चिंता करूं नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि मुलाचा प्रश्न वडिलांच्या प्रश्नाहून मोठा होता, असें आमचें नम्र मत आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, हेंच त्याचें मोल होय.

मुरुडशेंग आपल्या मातांस चांगली ठाऊक आहे. तान्ह्या मुलाच्या पोटांत मुरडा येऊं नये म्हणून ती बाळगुटींत उगाळतात. ती एक शेंग भासते खरी, पण नीट पाहिल्यास पांच बारीक शेंगा दोरीच्या पदरांप्रमाणें एकमेकींभोंवतीं पिळलेल्या आढळतात. गोगलगाईचा शंख तसा नव्हे. त्यास कोणी पीळ दिलेला नसतो. आंतील प्राणी जसजसा वाढतो, तसतसा तो शंखाच्या तोंडाशीं चुन्याची भर घालितो. एका कडेस अधिक, दुसरीस कमी. त्यामुळें घर वळत वळत रुंदावत जातें. जुनें घर न टाकतां व त्याचा घाट न मोडतां वाढण्याची ही युक्ति आहे.

दोडक्याच्या वेलाचा तंतु आणखी निराळा. काडीस धरल्यावर तो वेटोळीं घेतो. पण अर्धा भाग एका दिशेस, उरलेला उलट दिशेस, आणि मध्यें थोडा सरळ तुकडा. कारण हें कीं, दोन्हीं टोंकें अडकलेलीं असल्यामुळें एकीकडे पडलेला पीळ दुसरीकडे उलट फेडावा लागतो. चार्लस् डार्विननें १८६५ सालीं वेलींवरील आपल्या निबंधांत याचें वर्णन केलें. आमच्या विद्यार्थ्यांस तें परसांतल्या कुंपणावर पाहतां येईल.

सूर्यफुलांत तर वळणें मोजतांच येतात. मोठ्या फुलांतील बियांच्या वक्र रांगा बहुधा एका बाजूनें ३४ व दुसऱ्या बाजूनें ५५ भरतात. १, २, ३, ५, ८, १३, अशी मागील दोहोंच्या बेरजेनें वाढणारी ही संख्यांची माळ आहे. इटलीच्या फिबोनाचीनें ती १२०२ सालीं ग्रंथांत दिली. त्यापूर्वीं, सुमारें ११५० सालीं, हेमचंद्रानें ती छंदःशास्त्रांत मांडली होती. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन धरल्यास चार मात्रांचा चरण पांच प्रकारांनीं रचतां येतो, पांच मात्रांचा आठ प्रकारांनीं. फुलास अर्थातच छंद ठाऊक नसतात. त्याचा प्रत्येक नवा अंकुर मागच्यापासून सुमारें १३७½ अंशांवर फुटतो. त्यामुळें सर्व दाटीनें बसतात, व त्या संख्या आपोआप निघतात.

मनुष्य कलेंत वळण घेतो, त्याचें कारण आणखी वेगळें. जिव्या सोमा मशे यांनीं जगास परिचित करून दिलेल्या वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं नर्तकांची सांखळी वेटोळें घेते. बंद कड्यांत नव्या माणसास जागा करावी लागते. वेटोळ्याच्या टोंकाशीं ती सदैव मोकळी असते. आम्हांस तरी त्या चित्राचें सौंदर्य याच मोकळेपणांत दिसतें.

रूप एक, कारणें अनेक! हल्लीं मात्र मोबाइलच्या पडद्यावर मुलांस सांगतात कीं, शंख, फूल, वादळ व आकाशगंगा हीं सर्व एकाच ‘सुवर्ण’ वळणाचीं आहेत. ऐकावयास हें गोड आहे. मोजल्यास टिकत नाहीं. तें वळण दर फेऱ्यास जवळजवळ सातपट रुंदावलें पाहिजे. ज्या नॉटिलस नामक सागरी प्राण्याच्या शंखाचें चित्र या गोष्टीसोबत हमखास दाखवितात, तो फेऱ्यागणिक सुमारें तिपटीनेंच वाढतो. ज्या मुलानें स्वतःच्या बोटांनीं कधीं कांहीं मोजलें नाहीं, त्यास हें कोणी सांगावें? परीक्षेंत गुण मिळवूनही तो ऐकीव गोष्टींचा गुलाम राहील. आमची तक्रार ती हीच.

२०२५ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनीं अतिदूरची एक सर्पिल दीर्घिका उजेडांत आणली व तिला ‘अलकनंदा’ हें नांव दिलें. विश्व अवघें दीडशें कोटि वर्षांचें होतें, त्या काळचें तिचें हें दर्शन आहे. इतक्या लवकर इतकें सुडौल वळण कसें बनलें, याचा शोध घेणें हें आतां शास्त्रज्ञांचें काम आहे. आंबागडाच्या वाटेवर विचारलेला प्रश्न याच कुळींचा नव्हे काय?

म्हणून पालकांस विनंती अशी कीं, मुलाचा खिसा रिकामा करण्यापूर्वीं “बाळ, हें कोठें सांपडलें?” इतकें तरी विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, पुढील अंकासाठीं एक सूर्यफूल घ्या, खडूनें खुणा करीत त्याच्या रांगा मोजा, व आकडा आम्हांस लिहून पाठवा. तो ३४ किंवा ५५ न आल्यास पुन्हां एकदां मोजा. तरीही न जुळल्यास पुस्तकाकडे पाहून बदलूं नका. जो आला तोच लिहा. आम्ही तो तसाच छापूं.