फॅरेडेचा साधा प्रश्न

मायकेल फॅरेडेला गणित येत नव्हते. (परीक्षेच्या दिवसांत हे मुलांना सांगू नये.) लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुढे बुकबाइंडरकडे उमेदवारी. विजेचे आणि चुंबकाचे नाते त्याने तारा, लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस घेऊन तपासले. चुंबकाभोवतीच्या रिकाम्या जागेत बलरेषा पसरलेल्या असतात, असे तो म्हणे. गणिती मंडळी ते फारसे मनावर घेत नसत.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने ते घेतले. बलरेषांवरचा आपला निबंध त्याने फॅरेडेला धाडला. मार्च १८५७ मध्ये पासष्ट वर्षांच्या फॅरेडेने पंचवीस वर्षांच्या मॅक्सवेलला कळवले, की विषयावर एवढे गणित चालून आलेले पाहून आधी धास्तीच वाटली. मग विषय त्यापुढे टिकला याचे नवल वाटले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातले पत्र मला अधिक मोलाचे वाटते. फॅरेडे विचारतो, गणिती निष्कर्षाला पोचला, की तो सूत्रांइतकाच स्पष्टपणे साध्या भाषेत सांगता येणार नाही का? म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. तुमचे म्हणणे मला नेहमी नीट कळते, असेही तो मॅक्सवेलला लिहितो.

यात अजिजी नाही. जाणत्या कारागिराने आपल्या कामासाठी केलेली ती मागणी आहे. मी नोकरीची सारी वर्षे बँकेची परिपत्रके वाचण्यात घालवली. न समजणाऱ्याने विचारूच नये, अशीच त्या भाषेची घडण. व्याज कसे आकारले असे खातेदाराने विचारले, की त्याला नियमाचा क्रमांक मिळे.

मॅक्सवेलने क्रमांक दिला नाही. ऑक्टोबर १८६१ मध्ये त्याने फॅरेडेला आकडेच लिहून पाठवले. विजेच्या आणि चुंबकाच्या प्रयोगांवरून काढलेला लहरींचा वेग सेकंदाला १,९३,०८८ मैल; फिझोने प्रत्यक्ष मोजलेला प्रकाशाचा वेग १,९३,११८ मैल. दोन्ही आकडे आजच्या मापाने थोडे जास्तच, खरा वेग १,८६,००० मैलांच्या आसपास. पण प्रकाश हाही विजेच्या आणि चुंबकाच्याच घरातला, हे त्या दोन ओळींतून कोणालाही कळावे.

तेव्हा फॅरेडे सत्तरीचा होता, स्मरणशक्ती दगा देत होती. १८६७ मध्ये तो गेला. १८७३ मध्ये मॅक्सवेलचा मोठा ग्रंथ आला. प्रस्तावनेत तो सांगतो, की फॅरेडेचे संशोधन वाचून होईपर्यंत या विषयावरचे गणित वाचायचे नाही असे आपण ठरवले होते. आणि वाचत गेल्यावर ध्यानात आले, की चिन्हे नसली तरी फॅरेडेची विचार करण्याची रीतही गणितीच होती.