शब्द कुणाचे, मालकी कुणाची?

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे समजून पुरोगामी मंडळींनी या व्यवसायाकडे आजवर पाठ फिरविली. पुण्या-मुंबईतील सुशिक्षित तरुण आज या धंद्यात नोकरी करीत आहेत. तेथे श्रमाचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्न गिरणी किंवा साखर कारखान्याच्या प्रश्नाइतकाच समाजवाद्यांचा आहे. त्यातही लेखकाची अवस्था विशेष उद्बोधक आहे.

कादंबरीकार एक वाट लिहितो. गेमच्या लेखकाला, खेळणारा ज्या ज्या वाटेने जाईल त्या प्रत्येक वाटेचे संवाद लिहावे लागतात. रस्त्यावरील पात्राचे फुटकळ वाक्य आणि वस्तूवरील दोन ओळींची माहितीही त्यानेच लिहावयाची. तरीही पुष्कळ ठिकाणी त्याला बोलावणे येते ते अगदी शेवटी. नकाशे तयार, मारामाऱ्या ठरलेल्या. आता त्यांना कथेचे ठिगळ लावा! कथा कच्ची निघाली, की खापर मात्र लेखकाच्याच माथी.

लेखक आरंभापासून केंद्रस्थानी असला तर काय घडते, हे एस्टोनियातील लेखक-कलावंतांच्या एका मंडळाने दाखविले. रॉबर्ट कुर्विट्झ या कादंबरीकाराच्या नेतृत्वाखाली २०१९ साली त्यांचा ‘डिस्को एलिझियम’ हा गेम आला. क्रांती चिरडली गेलेले शहर, गोदी कामगारांचा संप आणि खचलेला एक पोलीस अधिकारी, अशी ही दहा लाखांहून अधिक शब्दांची कथा. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात तिला चार पारितोषिके मिळाली आणि व्यासपीठावरून मार्क्स-एंगल्सचे आभार मानले गेले.

पुढे काय झाले? २०२१ च्या अखेरीस कुर्विट्झ, लेखिका हेलन हिंडपेरे आणि चित्रकार अलेक्झांडर रोस्तोव्ह हे ‘झाउम’ या कंपनीबाहेर पडले; तेही स्वेच्छेने नव्हे, असे २०२२ मध्ये उघड झाले. लबाडीने कंपनी बळकावली गेली, असा आरोप कुर्विट्झ व रोस्तोव्ह यांनी केला. कंपनीने तो फेटाळला आणि उलट त्यांच्याच वर्तनावर ठपका ठेवला. त्यातील खरेखोटे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट वादातीत आहे: ज्यांनी ते जग कल्पिले ते बाहेर गेले, आणि गेम कंपनीच्या मालमत्तेत राहिला.

यावर मालकपक्षाचा युक्तिवाद ठरलेला असतो. गेम ही शेकडो हातांची सामूहिक निर्मिती. एकट्या लेखकाने हक्क का सांगावा? निर्मिती सामूहिक आहे हे अगदी मान्य. मग मालकीही सामूहिक का नसावी? लेखकाला सामूहिकतेचे पाठ द्यावयाचे आणि नफा मूठभर भागधारकांच्या पदरात टाकावयाचा, हा कोणता न्याय?

संघटनेचे बळ काय करू शकते, हेही जगाने पाहिले आहे. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांनी १४८ दिवस संप केला आणि यंत्रलिखित मजकुराच्या आडून आपले श्रेय व मानधन कापले जाणार नाही, अशी हमी करारात मिळविली. गेमचे लेखक बहुतांशी अशा करारांच्या बाहेरच आहेत.

भारतातील कायदाही त्यांच्या बाजूला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला धनी नोकरी देणाराच. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकारांना व लेखकांना स्वामित्वधनाचे संरक्षण दिले. त्यात व्हिडिओ गेमचा नामोल्लेखही नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. गेमच्या आखणीपासून लेखकाचा सहभाग, प्रत्येक श्रमिकाचा नामनिर्देश, नफ्यात सर्वांचा वाटा आणि संघटनेचा निर्वेध हक्क. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या चळवळीने संगणकापुढे बसलेल्या या नव्या कुळांकडेही वळले पाहिजे. ती उशिरा पोहोचली, तर करारांवरील सह्या तोवर होऊन गेलेल्या असतील.